प्रॅक्टिस सोडून येऊ नकोस, ती घेऊनच ये

तालुक्याला वकिली करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं, चांगलं चार पानी होतं, इथे मुद्दे तेवढे देतेय. "ताई, माझं वय ३१. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, मोटार अपघाताचे क्लेम, चेक बाउन्स, वाटणीचे दावे, बस एवढंच. माहेर खाडीकाठी, तिथे अधूनमधून मासे मरून वर येतात, पेपरात फोटो येतो, अधिकारी येऊन पाणी घेऊन जातात आणि पुढे काहीच होत नाही. मला आता पर्यावरणाच्या केसेसमध्येच काम करायचंय, पण ना एलएलएम, ना दिल्ली-मुंबईत ओळख. सासरे म्हणतात असल्या केसेसवर घर चालत नाही. नणंदेचे मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत. सगळं सोडून दिल्लीला जाऊ, परदेशात एलएलएम करू, की हा नाद सोडून देऊ? गेल्या आठवड्यात इकडच्या एका कंपनीच्या एक्स्पान्शनला पर्यावरण मंजुरी मिळाल्याची जाहिरात पेपरात आलीय, ती कापून ठेवलीय. मला तू म्हणा."

अगं, करिअरचं सावकाश बोलू, आधी ते कात्रण काढ आणि त्यावरची तारीख बघ. मंजुरी म्हणजे ईसी, आणि ईसीला आव्हान द्यायचं तर एनजीटी (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण) कायद्याच्या कलम १६ खाली अपील करावं लागतं, त्याची मुदत ३० दिवस. सबळ कारण दाखवलंस तर अजून ६० दिवस मिळू शकतात, पण ९० च्या पुढे एक दिवसही नाही, आपण सिव्हिलमध्ये विलंब माफीचा अर्ज टाकून मोकळे होतो तसं इथे चालत नाही. आणि हे ३० दिवस जाहिरातीपासूनच मोजायचे असं धरून बसू नकोस, कारण ईसी सरकारच्या परिवेश या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर चढते त्याची एक तारीख, ग्रामपंचायतीत पोचते त्याची दुसरी, पेपरात येते त्याची तिसरी, आणि सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये गुजरातच्या तल्ली ग्रामपंचायतीच्या केसमध्ये सांगितलंय की यातली सगळ्यात आधीची तारीख धरायची. म्हणजे तुझे दिवस कदाचित निम्मे संपले असतील. आजच परिवेशवर जा, ईसीचं पत्र, फॉर्म १ (कंपनीचा मूळ अर्ज), ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) रिपोर्ट आणि तज्ज्ञ समितीच्या मीटिंगचे मिनिट्स डाउनलोड कर, आणि जनसुनावणी झाली होती का ते बघ. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत आहे असं कारण देऊन ती बरेचदा वगळली जाते, तशी वगळली असेल तर त्या सुटीच्या अटी या जागेला खरोखर लागू होतात का हाच तुझा पहिला मुद्दा होऊ शकतो.

हे आधी लिहिलं कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला यातच दिसतं. दिल्लीत या विषयातले उत्तम वकील आहेत, पुण्यात एनजीटीच्या पश्चिम विभागाच्या खंडपीठापुढे उभे राहणारेही आहेत. नाही तो तालुक्याला बसलेला वकील, जो जाहिरात आली त्याच आठवड्यात ती वाचेल आणि डायरीत मुदतीची तारीख लिहून ठेवेल. गावातली माणसं वकिलाकडे येतात ती जेसीबी आला की, आणि तोपर्यंत अपिलाची मुदत होऊन गेलेली असते. मग आम्ही एनजीटीतले वकील पुण्यात बसून कुठल्या कलमाखाली केस आत घालता येईल याची कसरत करत राहतो, आणि चांगल्या चांगल्या केसेस मुदतीवर जातात, पाण्याचा एक थेंब न तपासता. तू ते कात्रण कापून ठेवलंस ना, हेच या कामातलं पहिलं पाऊल आहे आणि ते तू कुणी न शिकवता टाकलंयस.

तुला वाटतंय की आत्तापर्यंत केलेलं सगळं वाया गेलं आणि आता पाटी कोरी करून सुरुवात करायची. मला हे अजिबात पटत नाही. गोव्याच्या खाणींची केस घे. १९८६ मध्ये सुरू झालेली गोवा फाउंडेशन ही संस्था वर्षानुवर्षं कोर्टात लढत होती, आणि एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आला त्यातला सगळ्यात जड भाग कशावर उभा होता सांगू? एका तारखेवर. पोर्तुगीज काळातले खाणींचे परवाने १९८७ च्या कायद्याने लीज धरले गेले, त्यांची मूळ मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली, नूतनीकरण झालं तरी ते जास्तीत जास्त वीस वर्षांचं, म्हणजे २२ नोव्हेंबर २००७, आणि त्यानंतर काढलेलं सगळं खनिज बेकायदा. पुढे सरकारने परत लीज रिन्यू केल्या तर फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने त्या ८८ च्या ८८ रद्द केल्या. यात जंगल, नद्या, धूळ सगळं होतंच, पण लीजची मुदत कधी संपली हे मोजणं, हे तर तालुक्याच्या कोर्टातला कुठलाही वकील भाडेकरूच्या दाव्यात करतो. पर्यावरणाची बहुतेक मोठी केस आतून अशीच असते, कागद, तारीख, सही, अधिकार होता की नव्हता.

आणि तुझे मोटार अपघाताचे क्लेम! ते तर मला तुझं खरं भांडवल वाटतात. एनजीटी कायद्याच्या कलम १५ खाली नुकसानभरपाई मागता येते, मुदत पाच वर्षं, आणि कशाकशाची भरपाई मिळते त्याची यादी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यात रोजगार बुडणं आहे, गुरंढोरं आणि पाण्यातले जीव मरणंही आहे. कलम १७ मध्ये तर सरळ म्हटलंय की अपघात असेल तर दोष कुणाचा हे न बघता भरपाई द्यायची, नो फॉल्ट, जे तुला तोंडपाठ आहे. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत ओलियम गॅस गळती झाली, वकील एम. सी. मेहतांनी ती सुप्रीम कोर्टात लावून धरली आणि डिसेंबर १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, त्याला सबब नाही. तो विचार या कायद्यात असा खाली उतरलाय.

आता उरणचं बघ. २७ फेब्रुवारी २०१५ ला एनजीटीच्या पुणे खंडपीठाने पारंपरिक मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना मासेमारीच्या नुकसानीपोटी ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायचा आदेश दिला, जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून. ऑर्डर हातात पडणं आणि पैसे हातात पडणं यात किती अंतर असतं ते तुला इन्शुरन्स कंपन्यांमुळे माहीतच आहे, तरी ही ऑर्डर नीट वाच, कारण त्यातला मुख्य प्रश्न तुझ्या ओळखीचा आहे: ज्याला पगाराची स्लिप नाही त्याचं उत्पन्न सिद्ध कसं करायचं? तू अपघातात गेलेल्या गवंड्याचं, रिक्षावाल्याचं, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न सिद्ध केलंयस. मच्छीमाराचं तसंच करायचं. होडीचं रजिस्ट्रेशन, मच्छीमार सोसायटीच्या नोंदी, डिझेल परताव्याचे कागद, जाळ्याच्या पावत्या, बर्फाच्या कारखान्याची उधारीची वही, आणि मासळी बाजारात बसणाऱ्या बाईकडे एखादी डायरी असेल तर ती सोन्याहून मोलाची. पण होडी नसलेलाही असतो, गुडघाभर पाण्यात पाग टाकणारा, आणि तिसऱ्या (शिंपल्या), कालवं काढून टोपलीत विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडे कागद म्हणून काहीही नसतो आणि नुकसान सगळ्यात आधी त्यांचं होतं. त्यांची यादी करणं, कोण कुठल्या पट्ट्यात जातं, भरतीच्या आधी की नंतर, आधी किती मिळायचं आणि आता किती, हे त्यांच्याकडे बसून लिहून घेणं आणि त्याची प्रतिज्ञापत्रं करणं हे काम दिल्लीचा वकील करूच शकत नाही. तुझं माहेर तिथलं. त्या बायका तुला नावाने ओळखतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, भरपाई मागितली की एनजीटीत मागणीच्या १ टक्का फी भरावी लागते, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती माफ आहे, आणि भरपाई मागितली नाही तर अर्जाची फी फक्त १,००० रुपये. आकडा उगाच फुगवून टाकायचा मोह म्हणून टाळायचा.

आता जे तुला येत नाही त्याकडे. कायदे वाचणं सोपं आहे गं, एनजीटी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले सातच आहेत, पाणी १९७४, पाणी उपकर १९७७ (हा २०१७ मध्ये रद्द झाला), वनसंवर्धन १९८०, हवा १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, सार्वजनिक दायित्व विमा १९९१, जैवविविधता २००२. वन्यजीव कायदा आणि १९२७ चा वन कायदा त्यात नाहीत, म्हणजे बिबट्याच्या किंवा अभयारण्याच्या विषयात तुला हायकोर्टात जावं लागतं, आणि तुमच्या जिल्ह्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, ही तुझ्यासाठी केवढी मोठी सोय आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. एनजीटी आलं म्हणून हायकोर्टाचा रिटचा अधिकार गेला नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. दिवाणी कोर्टाचा मात्र कलम २९ ने गेलाय, जे एनजीटी ठरवू शकतं ते तुझ्या कोर्टात चालणार नाही, तेव्हा सवयीने मनाईचा दावा दाखल करून बसू नकोस, वर्ष फुकट जाईल. मूळ अर्जाची, म्हणजे कलम १४ ची मुदत सहा महिने, ती पण वादाचं कारण पहिल्यांदा कधी घडलं तिथपासून.

खरं शिकायचंय ते पाणी. म्हणजे पाण्याचा रिपोर्ट वाचायला. मासे मेले की गावकरी बिसलरीच्या बाटलीत पाणी भरून आणतात आणि म्हणतात मॅडम हा पुरावा. वाईट वाटतं, पण पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस, त्याने मागितलं तर नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या, आणि असं झालं नाही तर तो रिपोर्ट त्या कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून टिकत नाही. एनजीटी पुरावा कायद्याने बांधलेलं नाही, तिथे तुझ्या बाटलीकडे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओकडे निदान बघितलं जातं, पण त्यावर निकाल होत नाही, त्यावर संयुक्त समिती नेमली जाते, केंद्रीय प्रदूषण मंडळ, राज्याचं मंडळ म्हणजे एमपीसीबी, कलेक्टर ऑफिस. आणि खरी केस त्या समितीच्या रिपोर्टवर जिंकली किंवा हरली जाते. युक्तिवाद दहा मिनिटांचा, रिपोर्ट मात्र कायमचा.

मी हे एका खाडीच्या केसमध्ये अगदी जवळून पाहिलंय. समितीचा रिपोर्ट आला, सगळे आकडे मर्यादेत. कागदावर काही चूक सापडेना. आमच्याबरोबर एक वयस्क मच्छीमार होते, फार शिकलेले नाहीत, त्यांनी विचारलं पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता घेतलं? पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती, दुपारी बाराच्या आसपास. ते बोटांवर मोजून म्हणाले, "त्या दिवशी अवस होती, बाराला पूर्ण उधाण, खाडीत समुद्राचं पाणी भरलेलं, त्यात काय सापडणार?" आम्ही बंदर खात्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, त्यांचं म्हणणं मिनिटांच्या फरकाने बरोबर निघालं, आणि त्या एका हरकतीवर ओहोटीला परत नमुने घ्यायचा आदेश झाला. त्या माणसाने जे दिलं ते कुठल्या एलएलएममध्ये शिकवत नाहीत.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आकडे नंतर बघ, आधी जागा, तारीख, वेळ, भरती का ओहोटी, पाऊस होता का, कारखाना त्या दिवशी चालू होता का हे बघ. मग आकडे. सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडीची (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते तो आकडा) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात सोडायचं तर १००, सीओडी (रासायनिक घाणीसाठी तसाच आकडा) दोन्हीकडे २५०. आता तुमचा नाला खाडीला जिथे मिळतो तिथे कुठली मर्यादा लागू, ३० की १००? समोरचे १०० म्हणतील, तू कन्सेंटचं, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीचं, पत्र उघडून दाखवायचं की तिथे काय लिहिलंय, कारण कन्सेंटमध्ये याहून कडक अट असू शकते, आणि ओहोटीच्या वेळीच सोडायचं अशीही अट असते का तेही बघायचं. कन्सेंटची पत्रं, ईसीतल्या अटी, आणि कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचे पूर्ततेचे अहवाल, हे तिन्ही शेजारी ठेवून वाच. अट आणि अहवाल यांच्यात जी फट दिसते ती तुझी केस. जे पोर्टलवर नाही त्यासाठी आरटीआय टाक, आणि फक्त प्रती मागू नकोस, फाइलची पाहणी माग, फाइलवरच्या टिपणीत बरंच सापडतं.

ईसीच्या अपिलात काय शोधायचं ते कळायला गोव्यातल्या मोपा विमानतळाचा मार्च २०१९ चा निकाल वाच. त्यात फॉर्म १ मध्ये आजूबाजूच्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती आणि सुप्रीम कोर्टाने ईसी थेट स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून ती स्थगिती उठली आणि विमानतळ उभाही राहिला. मग हरलो का? मला तसं वाटत नाही, फॉर्म १ खोटा भरला तर काय होऊ शकतं हे त्या निकालाने देशभरच्या वकिलांच्या हातात दिलं, पण तुला या कामात यायचं असेल तर असा अर्धा निकाल पचवता आला पाहिजे. मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओकांच्या पीठाने वनशक्ती या संस्थेच्या केसमध्ये सांगितलं की काम आधी आणि ईसी नंतर हे चालणार नाही, आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत. या क्षेत्रात जुन्या नोट्स वाचून उभं राहता येत नाही.

तालुक्यात बसल्या बसल्या करण्यासारखंही खूप आहे, ते कुणी करत नाही म्हणून वाईट वाटतं. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, बीएनएसएसचं, कलम १५२, म्हणजे आपलं जुनं सीआरपीसी १३३, सार्वजनिक उपद्रव, प्रांतांकडे अर्ज. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेला न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी याच कलमाखाली गटारं बांधायला लावली, पैसे नाहीत ही सबब ऐकली नाही. नगरपंचायतीचा कचरा नदीकाठी पडतोय, चिरेखाणीची धूळ शाळेत येतेय, असल्या गोष्टीला पुण्याला यायची गरजच नाही. आणि जनसुनावणी! ती लागली की ३० दिवस आधी पेपरात नोटीस येते, एक्झिक्युटिव्ह समरी मराठीत असावी लागते, शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हावी लागते. लोक मंडपात घोषणा देतात, भाषणं होतात, जेवायच्या वेळेला सगळे निघून जातात आणि इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या. तू शेवटपर्यंत थांब. आपली हरकत त्यात आली नसेल तर तिथल्या तिथे लेखी दे आणि पोच घे, पुढे अपिलात तो पोचेचा कागद फार उपयोगी पडतो.

दिल्ली आणि एलएलएमचं थोडक्यात सांगते. परदेशातला एलएलएम ज्याला हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी, धोरण, मोठ्या संस्थांमधली नोकरी असं काही करायचंय त्याला खरोखर उपयोगी आहे, तुला जे करायचंय त्याला कर्ज काढून तिकडे जायची गरज नाही. विषयाची बैठक हवी असेल तर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पर्यावरण कायद्याचा पीजी डिप्लोमा आहे, घरी राहून करता येतो. दिल्लीला जा, पण राहायला नको, बघायला जा. कोर्टाच्या सुट्टीत काही आठवडे काढ, लाइफसारख्या संस्था आहेत, ऋत्विक दत्ता आणि राहुल चौधरींनी २००५ मध्ये सुरू केलेली, २०२१ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला त्यांना, तिथे ईआयए रिपोर्ट कसा फोडून वाचतात ते शिकून घे आणि परत ये. त्याहीपेक्षा पुण्यात एनजीटीच्या बोर्डावर जो वकील नियमित आहे त्याच्याबरोबर तुझी एक फाइल कर, ड्राफ्ट तू करायचा, उभं त्याने राहायचं, पुढच्या फाइलला उलटं. सुनावणी बरेचदा व्हिडिओवर होते, दर तारखेला एसटीत बसावं लागत नाही.

पैशाचं सासरे खोटं बोलत नाहीयेत, निदान पहिली काही वर्षं तरी. गावकऱ्यांच्या बाजूने लढून भरपूर फी मिळते असं मी तुला सांगणार नाही. म्हणूनच म्हणते की क्लेम आणि चेक बाउन्स बंद करू नकोस, घर त्यावर चालू दे, आणि पर्यावरणाची एका वेळी एकच फाइल घे पण ती शेवटपर्यंत ने. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल, बायका आणि आदिवासी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे, त्यातून असल्या केसेस येतात आणि थोडं मानधनही मिळतं. हळूहळू ग्रामपंचायती, हाउसिंग सोसायट्या सल्ला मागायला येतात. कंपन्याही येतील, कन्सेंट आणि पूर्ततेच्या कामासाठी. ते काम वाईट नाही, नीट सल्ला मिळाला तर काही जण खरंच सुधारतात, पण तुझ्या खाडीवरच्या कुठल्याही कंपनीचं घेऊ नकोस, एकदाही नाही, साधं नोटीसचं उत्तरसुद्धा नाही. एवढ्याशा तालुक्यात ते चार दिवसांत सगळ्यांना कळतं आणि त्या बायका परत तुझ्याकडे येणार नाहीत.

नणंदेच्या मिस्टरांचं तू फक्त एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं रात्री झोप त्यामुळेच येत नसेल. घरातल्या माणसाची नोकरी आणि माहेरची खाडी, यातलं एक निवड असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नकोस. तू अर्जात मागतेस काय यावर बरंच अवलंबून आहे. "कारखाना कायमचा बंद करा" ही पहिली मागणी टाकली की कामगार, त्यांची घरं, निम्मा तालुका तुझ्याविरुद्ध जातो, आणि बहुतेक वेळा कोर्टही ती देत नाही. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) पूर्ण क्षमतेने चालवा, ओहोटीचे नमुने दर महिन्याला आणि सोसायटीच्या माणसांसमोर घ्या, रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मराठीत लावा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या, आणि एवढं करूनही मर्यादा मोडली तरच उत्पादन थांबवा, अशी पायरीपायरीने मागणी लिही. प्लँटमधली हवा तर आधी कामगारच घेतात. मिस्टरांशी तू स्वतः बोल, केस दाखल व्हायच्या आधी, त्यांना ती पेपरातून कळू देऊ नकोस. त्यांच्याकडून आतली माहिती मात्र काढू नकोस, कितीही मोह झाला तरी, तुझ्यामुळे त्यांची नोकरी जाता कामा नये आणि तुझ्या केसवरही तो डाग नको.

दबाव येणारच. बदनामीची नोटीस, बार रूममध्ये टोमणे, सरपंचाचा फोन. तुझ्यापेक्षा जास्त दबाव अर्जदारावर येतो, आणि एकच अर्जदार असेल तर एका रात्रीत तो अर्ज मागे घ्यायला तयार होतो, मी असं होताना पाहिलंय आणि त्या माणसाला दोष देता येत नाही, त्याच्या मुलाला कंत्राटी नोकरी दिलेली असते. म्हणून वकीलपत्र कधीही एकट्याचं घेऊ नकोस. मच्छीमार सोसायटीचा ठराव घे, जमलं तर ग्रामसभेचाही, ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं, तेव्हा ठरावाला कमी लेखू नकोस. सोसायटीबरोबर पाच-सहा जणांची नावं अर्जदार म्हणून घाल, त्यात तिसऱ्या काढणाऱ्या निदान दोघी असू देत, सह्या आणि अंगठे ठराव वाचून दाखवून सगळ्यांसमोर घे, आणि फी थोडी का होईना, सोसायटीच्या खात्यातूनच घे, पावती देऊन.